विहिरीतला हंसराज

ती. आई व ती. बाबा यांस,
शि. सा. न. वि. वि.

परवा रात्री घरी पोचले. घर ठीक आहे. माजघरावरचं एक कौल सरकलंय, तिथे भिंतीला ओल आलीय, एवढंच. सुपारी उतरवायला गडी सोमवारी येणार आहे. आई, डोळ्यांत थेंब वेळेवर घालतेस ना? अजून महिनाभर खाली वाकायचं नाही आणि गॅसजवळ उभं राहायचं नाही, दादा काही म्हणो न म्हणो.

फोनवर बाबांना नीट ऐकू येत नाही आणि मला जे सांगायचंय ते सलग सांगायचंय, म्हणून लिहायला बसले.

अमेरिकेतल्या त्या पायी सहलीला मी जाऊ नये असंच तुम्हा दोघांना वाटत होतं. पन्नाशीला टेकलेल्या बाईने पाठीवर पंधरा किलोंचं ओझं घेऊन वाळवंटात चालायचं कशाला, हा आईचा प्रश्न मला पहिल्या दिवशी वाळूत पाय रुतताना खरंच आठवला. पण गेले ते बरं झालं. युटा राज्यात एस्कलांटे नावाची नदी आहे, तिला मिळणाऱ्या कायोटी गल्च नावाच्या दरीत आम्ही पाच दिवस चाललो. दोन्ही बाजूंना लाल दगडाच्या सरळ भिंती, मान पूर्ण मागे टाकल्याशिवाय वरची कड दिसत नाही. त्या मुलखात वर्षाला जेमतेम दहा इंच पाऊस. आपल्याकडे तो शंभरी सहज ओलांडतो.

आमची गाइड तिशीतली मुलगी होती. सकाळी निघताना ती आधी आभाळ बघायची, आणि तेही डोक्यावरचं नाही, दरीच्या वरच्या अंगाचं. अरुंद घळीत शिरायचं असलं तर दोनदा बघायची. वर कुठे पाऊस झाला की तो दगडावरून घरंगळत येतो आणि इथे ऊन असताना लोंढा येतो. १९९७ च्या ऑगस्टमध्ये शेजारच्या ॲरिझोनातल्या अँटिलोप कॅनियनमध्ये असाच लोंढा येऊन ११ पर्यटक दगावले. पाऊस पडला होता तो कैक मैल वर. बाबा, हे ऐकताना मला तुमचा आवाज ऐकू आला. शाळेत जाताना पऱ्याशी आम्हाला थांबवून तुम्ही डोंगराकडे बोट दाखवायचात. तिकडे काळं दिसलं तर पाण्यात पाय घालायचा नाही, मग इथे कितीही ऊन असो. गटातल्या सगळ्यांना ही गोष्ट नवी होती. मला ती सहा वर्षांची असल्यापासून ठाऊक होती.

तिसऱ्या दिवशीचं मात्र तुम्हाला सावकाश सांगायचंय. जेकब हॅम्ब्लिन नावाची एक प्रचंड दगडी कमान आहे, तिच्याजवळ मुक्काम होता. पाणी भरायला गाइडने आम्हाला भिंतीशी नेलं. कोरड्या दगडाच्या मधोमध एक आडवी ओली रेघ होती आणि तिच्यातून थेंब थेंब पाणी गळत होतं. बाटली भरायला किती वेळ लागला म्हणून सांगू! आणि त्या रेघेवर, आई, हंसराज होता. तोच, आपल्या विहिरीच्या चिऱ्यांच्या सांध्यांत उगवतो तो. काळी चकचकीत दोऱ्यासारखी देठं आणि पंख्यासारखी नाजूक पानं. तू खोकल्याच्या काढ्याला खुडून आणायचीस. मी हात लावला नाही, तिथे काही तोडायचं नसतं, पण बराच वेळ बघत उभी राहिले.

गाइडने त्याचं कारण सांगितलं. तो लाल दगड म्हणजे अठरा-एकोणीस कोटी वर्षांपूर्वीच्या वाळूच्या टेकड्या, घट्ट झालेल्या. दगड दिसतो, पण आतून सच्छिद्र. वर पडलेला थोडासा पाऊस तो पिऊन घेतो. पाणी मुरत मुरत खाली जातं, घट्ट थर लागला की पुढे वाट मिळत नाही, मग आडवं सरकून कडेने बाहेर येतं.

बाबा, हा आपला सडाच की हो, वरचा कातळाचा माळ. जांभा असाच पाणी पितो, खाली घट्ट शेडी माती लागली की ते पाणी सड्याच्या पायथ्याला झरा होऊन फुटतं आणि आपल्या विहिरीत उतरतं. वाडीतल्या बाकी विहिरी मे महिन्यात तळ गाठतात आणि आपल्याकडे कळशी बुडते ती त्यामुळेच.

म्हणून हे पत्र. सड्यावरची जागा चिरेखाणीला द्यायचं तुमच्या मनात आहे, दादाने सांगितलं. आईच्या ऑपरेशनचा खर्च झाला, छप्पर करायचंय, आणि माझ्यापाशी मागायला तुम्हाला जड जातं, हेही मला कळतं. आपलं घरही चिऱ्याचंच आहे, मी चिरा काढूच नये म्हणत नाही. पण आजोबांच्या वेळी टिकावाने घरापुरता चिरा निघायचा. आता मशीन लागतं आणि माणूस उभा बुडेल एवढा खड्डा राहतो. पाणी धरून ठेवणारा दगडच ट्रकमध्ये भरून गेला तर झऱ्याला पाणी कुठून येणार?

काल सकाळी मी वर जाऊन आले. गवत पिवळं पडलंय. गुराख्यांनी आम्हाला दाखवलेली ती कातळावरची माणसाची आकृती आणि शेजारचे मासे स्वच्छ दिसतात. रांगोळी घातल्यासारख्या रेघा, बोट फिरवलं तर अजून खोल लागतात. कशेळीचा हत्ती, बारसू, देवाचे गोठणे यांसारख्या कोकणातल्या कातळशिल्पांचं नाव २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेलं. आपली आकृती कुठल्या यादीत नाही, पण ती आपल्या जागेत आहे. तिकडे भिंतीवरची जुनी चित्रं दाखवताना गाइडने आम्हाला चार हात लांब उभं केलं होतं, बोटाचं तेलसुद्धा लागू नये म्हणून. एके ठिकाणी काळपट खडबडीत माती होती, तीही जिवंत असते म्हणे, शेवाळ-दगडफुलांनी विणलेली. एक पाऊल पडलं तर भरून यायला कित्येक वर्षं लागतात. आम्ही सगळे वळसा घालून दगडावरून गेलो. कुणी कुरकुर केली नाही.

छपराचे पैसे मी देते. उपकार म्हणून नाही, या घरात मलाही म्हातारी व्हायचंय. वासे बदलायला सुतार बुधवारी येऊन माप घेईल. पुढच्या शनिवारी मी पुण्याला येते तेव्हा बाकीचं समोरासमोर बोलू. तोवर खाणवाल्याला होकार कळवू नका, बाबा, एवढं माझं ऐका.

आज विहिरीला दोर सात हात लागला. वरून चौथ्या थरातल्या सांध्यात हंसराज भरपूर आहे. आई, पानं आणू का थोडी?

तुमची,
धाकटी