‘वंचित’ कोणाला म्हणावे?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

‘शेकडो मतदार मताधिकारापासून वंचित’ हा मथळा प्रत्येक निवडणुकीत ठरलेला असतो, आणि कैद्यांना मतदान करता येत नाही हे सांगतानाही ‘वंचित’ हाच शब्द येतो. इंग्रजीतील ‘डिसएन्फ्रँचाइज’साठी आपण तो सरसकट वापरतो, म्हणून हे पत्र.

त्या इंग्रजी शब्दाच्या पोटात गॉल (साधारण आजचा फ्रान्स) प्रांत जिंकणारी फ्रँक ही टोळी आहे. तिथे पूर्णपणे मोकळे लोक म्हणजे हेच, म्हणून जुन्या फ्रेंचमध्ये ‘फ्रांक’ म्हणजे मोकळा; त्यावरून ‘फ्रँचाइज’ म्हणजे मोकळीक, मग राजाने एखाद्या शहराला दिलेली सवलत, आणि बऱ्याच उशिरा मताचा हक्क. (चहाच्या दुकानाची ‘फ्रँचायझी’ही याच कुळातली.) वरून मिळालेले काढून घेणे, हा त्या शब्दाचा भाव.

‘वंचित’ मात्र संस्कृत ‘वञ्च्’, म्हणजे फसवणे, या धातूपासून आला आहे. मराठीत तो अर्थ ‘आत्मवंचना’सारख्या शब्दांत उरला असला, तरी आम्हा सीमाभागातल्यांना तो रोज भेटतो, कारण कन्नड वृत्तपत्रांत कोणी कोणाला लाखांचा गंडा घातला की मथळ्यात ‘वंचने’ असते. या अर्थाने कैदी वंचित नाही; 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 62(5) ने त्याला मतदानाची मनाई आहे. सक्षम न्यायालयाने मनोविकल ठरवलेली व्यक्ती 1950 च्या याच नावाच्या कायद्याच्या कलम 16 नुसार नोंदणीस ‘अपात्र’ असते, ज्याला कन्नडमध्ये ‘अनर्ह’ म्हणतात. हे नियम योग्य की अयोग्य हा वाद वेगळा. फसवणूक तिथे नाही.

आमच्या खानापूर तालुक्यातील मतदान केंद्रावर माझ्या आईचे नाव शोधताना तिथल्या कर्मचाऱ्याने यादीवर प्लॅस्टिकची पट्टी दोनदा वरपासून खालपर्यंत फिरवली आणि तो म्हणाला, ‘हेसर इल्ल, अव्वा,’ म्हणजे ‘नाव नाही, आई.’ हातात ओळखपत्र असलेली सत्तर वर्षांची बाई उन्हात परत फिरली. मतदार तिथे राहत नाही म्हणून नाव वगळायचे असेल, तर आधी त्याला म्हणणे मांडण्याची वाजवी संधी द्यावी, असे 1950 च्या कायद्याचे कलम 22 सांगते. आमच्या घरी कागदाचा कपटाही आला नव्हता. गावात याला ‘नाव उडालं’ म्हणतात, जणू ते पाखरासारखे आपण होऊन उडाले. बातमीत तरी ‘नाव वगळले’ असे लिहून कोणी आणि कोणत्या कारणाने हे विचारावे, आणि ‘वंचित’ हा शब्द अशांसाठीच राखून ठेवावा, एवढीच विनंती.

आईचे नाव आता पुन्हा यादीत आले आहे. त्यासाठी नमुना 6 भरावा लागला, आणि तो नवमतदारांचा असतो.

आपला नम्र,
एक वाचक,
ता. खानापूर, जि. बेळगाव