सही कोण करणार? उच्च शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्री महोदय,
उच्च व तंत्रशिक्षण, महाराष्ट्र राज्य.

सप्रेम नमस्कार.

मी एका अनुदानित महाविद्यालयातून गेल्या वर्षी मेअखेर निवृत्त झालेला इतिहासाचा प्राध्यापक. आपल्या वेळेची किंमत जाणून थोडक्यात लिहायचं ठरवलं आहे. परवा माझा निवृत्तिवेतनाचा प्रस्ताव पुन्हा परत आला. त्रुटी अशी की, सेवापुस्तकातल्या शेवटच्या नोंदीवर ज्या प्रभारी प्राचार्यांची सही आहे, त्यांच्या सहीच्या अधिकाराची मुदत त्या तारखेला संपलेली होती. नव्या प्रभारींकडे गेलो तर त्यांना विद्यापीठाची मान्यता अजून यायची आहे. जुने म्हणतात, मी आता कोण? नवे म्हणतात, मी अजून कोणीच नाही.

आमच्याकडे कायम प्राचार्य नाहीत त्याला काही वर्षं झाली. कार्यालयात नामफलक आहे, स्थापनेपासूनच्या प्राचार्यांचा. तो मधेच थांबलाय. प्रभारींची नावं त्यावर रंगवायची की नाही, हा विषय महाविद्यालय विकास समितीपुढे येतो आणि पुढच्या बैठकीवर जातो. तालुक्यात पूर्णवेळ प्राचार्य असलेली कॉलेजं मोजायला बसलो तर दुसऱ्या हाताची गरज पडत नाही.

इतिहास शिकवण्यात हयात गेली, त्यामुळे खोड जात नाही. पुण्याचं फर्ग्युसन घ्या. 2 जानेवारी 1885 ला ते सुरू झालं, पहिले प्राचार्य वामन शिवराम आपटे, तेच ते संस्कृत कोशवाले. ऑगस्ट 1892 मध्ये ते गेले, अवघ्या 34 व्या वर्षी. त्याच महिन्यात गोपाळ गणेश आगरकर प्राचार्य झाले. दम्यानं पोखरलेला माणूस, एका हातात ‘सुधारक’ साप्ताहिक, दुसऱ्या हातात कॉलेज. जून 1895 मध्ये तेही गेले. मग महादेव शिवराम गोळे आले आणि 1902 मध्ये रँग्लर परांजपे. दहा वर्षांत दोन प्राचार्यांचे मृत्यू पचवून ते कॉलेज उभं राहिलं. इथे एक माणूस धडधाकट निवृत्त होतो, त्याची तारीख तो नोकरीला लागतो त्या दिवसापासून तुमच्या खात्याला ठाऊक असते, तरी त्याची जागा वर्षानुवर्षं भरता येत नाही!

बरं, आज आगरकर आलेच मुलाखतीला, तर त्यांना घ्याल? 2018 ची यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) नियमावली सांगते: पीएच.डी. हवी, 15 वर्षांचा अनुभव, किमान 10 संशोधन प्रकाशनं, 110 संशोधन गुण. ‘सुधारक’मधल्या अग्रलेखांना गुण शून्य. आपट्यांना तर 15 वर्षांचा अनुभव पुरा व्हायच्या आत मरण आलं. त्यात आगरकर 1882 साली डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस बसून आलेले. चारित्र्य पडताळणीतच फाईल गारद.

आता कोणी म्हणेल, त्या लोकांचा त्याग बघा. 75 रुपये महिना आणि 20 वर्षं सेवेची हमी, गोपाळ कृष्ण गोखल्यांनी दिलीच ना? हे आम्हाला दर शिक्षकदिनी संस्थाचालक ऐकवतात, एसी लावलेल्या सभागृहात. पण अर्धंच ऐकवतात. फर्ग्युसन चालवणाऱ्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे ते आजीव सदस्य नोकर नव्हते, शिकवणाऱ्यांच्याच हातात संस्था होती. कॉलेज कसं चालवायचं यावर ते एकमेकांशी कडाकडा भांडले. टिळकांना पटलं नाही तेव्हा 1890 मध्ये राजीनामा देऊन बाहेर पडले. भांडायलाही हक्क लागतो हो. आमच्याकडच्या प्रभारींना शिपायाची रजा मंजूर करायची तरी संस्थेच्या वाड्यावर फोन लावावा लागतो. कायम प्राचार्य एखादे वेळी ‘नाही’ म्हणतो, त्याला सहजासहजी काढता येत नाही. प्रभारीला संध्याकाळी बदलता येतं. मग जाहिरात काढायची घाई कोणाला असेल? संस्थेला होयबा मिळतो, सरकारचा एक पगार वाचतो. दोघांचं मस्त जमलंय.

आणि याच परांजप्यांना 1921 मध्ये मुंबई इलाख्याचं शिक्षणमंत्रिपद मिळालं होतं, हे तुमच्या दालनात कोणाला माहीत आहे का? म्हणजे तुमच्या पूर्वसुरींत एक प्राचार्य आहे. आजच्या प्राचार्याला तुमच्या दारापर्यंत पोचायला मंत्रालयाच्या फाटकावर पासच्या रांगेत उभं राहावं लागतं. तुमचं खातं मात्र त्याला व्हॉट्सॲपवर कधीही गाठतं: ‘तात्काळ. आज दुपारी 3 पर्यंत माहिती सादर करावी.’

माझं सांगायचं राहिलंच. बायकोचं गुडघ्याचं ऑपरेशन पुढे ढकललंय. मुलीच्या लग्नाचं सोसायटीचं कर्ज उपदानातून (ग्रॅच्युइटीतून) फेडायचं ठरलं होतं, ते उपदान त्याच फायलीत. मी सध्या एका खासगी अकादमीत स्पर्धा परीक्षेच्या पोरांना मराठ्यांचा इतिहास शिकवतो, तासाच्या पैशांवर. म्हणजे उतारवयात मीही तासिका तत्त्वावर आलो. 1992 साली लागलो, तेव्हापासून ग्रामीण पोरांना शिकवलं, निवडणुकीची कामं केली, कॉलेजच्या मूल्यांकनासाठी नॅकच्या फायली रात्र रात्र जागून रचल्या. 2013 च्या आंदोलनात 71 दिवसांचा पगार कापलात, त्यासाठी प्राध्यापकांना कोर्टाची पायरी चढावी लागली. आता पेन्शनसाठीही तीच पायरी दाखवणार आहात काय?

माझ्या विभागात माझी जागा भरलेली नाही, हे वेगळं सांगायला नको. 2021 मध्ये 2,088 सहायक प्राध्यापकांच्या भरतीचा गाजावाजा झाला. त्यातली कुठली जागा कोणाच्या ताटात पडली, पाकिटाचा दर काय होता, ते आमच्या गावातल्या पानवाल्यालाही तोंडपाठ आहे. ज्याला मी शिकवलं, ज्यानं पीएच.डी. केली, प्राध्यापकीसाठीची सेट परीक्षा काढली, तो पोरगा आज दोन कॉलेजांत तास घेतो आणि सुट्टीत बापाबरोबर ऊस तोडायला जातो. वर तुम्ही नवं शैक्षणिक धोरण आणता, मेजर-मायनर, क्रेडिट, श्रेयांक पेढी! राबवणार कोण? सही करायला माणूस नाही, तिथे धोरण कोणाच्या नावानं राबवता?

माफ करा, आवाज चढला. मागणी साधी आहे. रिकाम्या प्राचार्यपदांची जिल्हावार यादी जाहीर करा: संस्थेचं नाव, पद कधीपासून रिकामं, जाहिरात का निघाली नाही. प्रभारींच्या काळातल्या सेवानोंदी सरसकट ग्राह्य धरण्याचा शासन निर्णय काढा. आणि जी संस्था मुदतीत जाहिरात काढणार नाही, तिचं वेतनेतर अनुदान थांबवा. वेतनेतर म्हणतोय. नेहमीसारखा आमच्या पोरांचा पगार थांबवू नका.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक