तोरणा ते राजगड : चार तास कुणाचे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला, तोरणा गडावरून राजगडापर्यंत डोंगरधारेने चालत जाण्यावरचा लेख वाचला. वर्णन झकास. धुकं, वारा, कारवी, सगळं जागच्या जागी. पण शेवटच्या चौकटीत 'अंतर १२ किमी, वेळ ४ तास, सोबत पाण्याची बाटली' हे कुणी लिहिलं? ताशी तीन किमी धरून बाराला तीनने भागलं की चार येतात, हे मान्य. हिशेब चुकलेला नाही, फक्त तो डांबरी रस्त्याचा आहे.

पायथ्याच्या वेल्ह्यातून तोरण्याचा बिनी दरवाजा गाठायलाच दोन-अडीच तास लागतात. गडावरच्या मेंगाईच्या देवळापासून बुधला माची, म्हणजे गडाची तटबंदीची सोंड, ओलांडून खाली दोन्ही गडांना जोडणाऱ्या धारेला लागेपर्यंत आणखी दीड तास धरा. माचीखालच्या कातळटप्प्यावर एका वेळी एकच माणूस उतरतो, त्यामुळे पंधरा जणांचा गट असला की अर्धा तास तिथेच गेला. तिथून राजगडाच्या आळू दरवाजापर्यंत चार-पाच तास. धार म्हणजे काही पूल नव्हे. एक टेपाड चढायचं, उतरायचं की पुढचं हजर. मुरमाड उतारावर वाळलेलं गवत आडवं पडलेलं असतं आणि त्यावर टाच टेकली की माणूस बसलाच. गुडघे किंचित वाकवून, पाऊल आडवं टाकत उतरावं लागतं. त्यात वेळ जातो. आपल्या चौकटीत तो कुठे गेला, कोण जाणे.

'राजगड समोर दिसतच असतो, त्या दिशेने चालत राहावे' हे वाक्य तर धोक्याचं आहे. राजगड आग्नेयेला दिसतो म्हणून नवखा माणूस पूर्वेच्या झुंजार माचीकडे ओढला जातो. वाट मात्र पश्चिमेच्या बुधला माचीवरून उतरते, म्हणजे आधी राजगडाकडे पाठ करायची. पुढे धारेवर ढोरवाटा फुटतात आणि पंचाईत अशी की त्या खऱ्या वाटेपेक्षा जास्त मळलेल्या असतात. डावीकडची कानद खोऱ्यात नेते, उजवीकडची वेळवंडीच्या. वाट दहा मिनिटं एकाच अंगाला उतरत राहिली तर मुकाट्याने परत फिरावं, 'पुढे मिळेल' म्हणू नये.

पाण्याची बाटली! तोरण्यावर भरून घेतलं की पुढचं खात्रीचं पाणी थेट राजगडावर. हिवाळ्यातसुद्धा माणशी चार लिटर हवं. टाक्यातलं असेल तर गाळून, औषध टाकून. नुसतं पाणी ढोसत राहिलं की दुपारी मांड्यांत गोळे येतात. मीठ-साखरेच्या दोन पुड्या त्यासाठी खिशात ठेवायच्या. तळाशी गेलेल्या पुड्यांचा उपयोग नसतो.

ही सारी वाट जिथे सोडता येते ती जागा लेखात नाहीच. वाटेतल्या खिंडीत डांबरी रस्ता धार ओलांडतो. पहाटे सहाला वेल्हे सोडून दुपारी एकपर्यंत इथे पोचलात तर पुढे जा, दोन वाजले असतील तर इथेच थांबा. कारण इथून आळू दरवाजा अजून अडीच तास, आणि तिथे पोचलं म्हणजे राजगड झाला असंही नाही. राजगडाची संजीवनी माची चालून पद्मावती माची गाठायला पाऊण तास लागतो. मग उतरणं राहतंच. अंधार पडणार असेल तर गुंजवणे गावाकडचा चोर दरवाजा सोडून पाली गावाकडे उतरावं. त्या वाटेला पायऱ्या आहेत. विजेरी कपाळावरची हवी. मोबाइलची चालते, पण मग धरायला एकच हात उरतो.

आणखी एक. 'तोरण्यावरील नेढे' (नेढं म्हणजे कातळातलं आरपार भोक) म्हणून छापलेलं छायाचित्र राजगडाच्या सुवेळा माचीचं आहे. आळू दरवाजातून येणारा माणूस संजीवनीवर चढतो, त्यामुळे वाट वाकडी केल्याशिवाय त्याला ते नेढं भेटतही नाही. एवढं मोठं भोक एका गडावरून दुसऱ्यावर हलवायला शिवकाळातही जमलं नसतं.

दुरुस्ती छापणार असाल तर कृपया चौकटीएवढ्याच आकारात छापा. मागची पान नऊवर राशिभविष्याखाली होती. ती सापडायला आमची शनिवारची दुपार गेली.

आपला,
एक नियमित वाचक