होळीच्या आधी लिथियमची पातळी तपासा

महोदय,

उन्हाळा लागला की उष्माघाताच्या सूचना छापून येतात. त्यांत वृद्ध, लहान मुले, गरोदर स्त्रिया असतात. मनोविकाराची औषधे घेणारे क्वचितच. उन्मादाचे, म्हणजे मेनियाचे, रुग्ण वसंतात आणि उन्हाळ्यात जास्त दाखल होतात, असे अनेक देशांतल्या नोंदींत दिसले आहे. लांबलेला दिवस हे त्याचे एक कारण मानतात. आपल्याकडे चैत्र-वैशाखात झोप मोडायला निमित्तेही पुष्कळ: हळद, वरात, रात्रीची एसटी, तापलेले पत्र्याचे छप्पर. बायपोलर आजारात, म्हणजे उन्माद आणि नैराश्य आलटूनपालटून येणाऱ्या आजारात, दोन-तीन रात्रींचे जागरणही उन्मादाला पुरते. मात्र भरतीचे रजिस्टर जपून वाचावे. त्यातली तारीख आजार उलटल्याची नसते. घरच्यांना कामातून उसंत मिळून गाडी करता आली, ती असते.

खरी जोखीम लिथियमची, म्हणजे बायपोलर आजारावरच्या नेहमीच्या औषधाची आहे. मूत्रपिंड लिथियमला मिठासारखेच वागवते. घाम, जुलाब किंवा निर्जळी उपवासाने अंगातले पाणी आणि मीठ घटले की मूत्रपिंड मीठ धरून ठेवते, सोबत लिथियमही. गोळ्या तेवढ्याच, पण रक्तातली पातळी चढते. एरवी ती लिटरमागे ०.६ ते ०.८ मिलिमोल ठेवतात, १.५ च्या पुढे विषबाधेचा धोका, वृद्धांत त्याआधीही. त्यात लग्नघरात अंग दुखले म्हणून कोणी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक देते. रक्तदाबाच्या टेल्मिसार्टन, रामिप्रिल, थायाझाइड या गोळ्यांनीही पातळी वाढते, म्हणून त्या सुरू करणाऱ्या डॉक्टरांना लिथियमचे आधी सांगावे. दुखण्यावर पॅरासिटामॉल बरे. मीठ मनाने एकदम तोडू नये.

हाताला बारीक कंप लिथियमवर असतोच. पण कपातला चहा सांडू लागला, झोकांड्या, बोबडे बोलणे, ओकाऱ्या, गुंगी दिसली, तर पुढची गोळी थांबवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. अशा माणसाला 'प्यायलेला' समजून झोपू देतात, तिथेच वेळ जातो. मनोविकाराच्या औषधांनी येणारा ताठरपणा कमी करायला ट्रायहेक्सिफेनिडिल देतात; ते घेणाऱ्यांना घाम कमी येतो. त्यांना भर दुपारी शेतात किंवा बांधकामावर पाठवू नये. तापमान वाढते म्हणून औषधे परस्पर बंद करणे मात्र उलटते. शंका असल्यास टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे.

जिल्ह्यांच्या उष्णता कृती आराखड्यांत हे रुग्ण यावेत आणि प्रत्येक जिल्हा रुग्णालयात लिथियमची तपासणी फेब्रुवारीपासून अखंड चालावी. रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी घ्यायचे: रात्री ९ ला गोळी, तर सकाळी ९ ला नमुना, सकाळची गोळी त्यानंतर. आणि नळी बघून घ्यावी. हिरव्या झाकणाच्या नळीत बरेचदा लिथियम हेपारिन, म्हणजे रक्त गोठू नये म्हणून घातलेले लिथियमयुक्त द्रव्य, असते. त्यात रक्त घेतले की पातळी खोटीच चढलेली दिसते आणि चांगली लागू पडलेली गोळी विनाकारण बंद होते.

– मानसोपचार विभागातील डॉक्टर व परिचारिका, विदर्भ