जुनी लेन्स पारखून देणाऱ्या काकांना जाहीर आभारपत्र

सोलापूर

आदरणीय काका,

शि. सा. न. वि. वि.

नवी पेठेतील आपल्या स्टुडिओत माझ्या लेन्ससाठी आपण जो वेळ खर्च केलात त्याचे पैसे आपण घेतले नाहीत, आणि मी आभार मानू लागले तेव्हा पासपोर्ट फोटोसाठी आलेल्या गिऱ्हाइकाकडे वळून आपण माझे बोलणे अर्ध्यावरच थांबवलेत. म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे. यात आपले नाव घातलेले नाही, कारण ते आपल्याला रुचणार नाही. परंतु आपण जे दाखवून दिलेत ते मात्र तपशीलवार लिहिले आहे, कारण पगारातून थोडे थोडे बाजूला टाकून टेलिफोटो, म्हणजे लांबचे जवळ दाखवणाऱ्या, लेन्सचा विचार करणारी या शहरात मी एकटी नाही.

माझी ऐपत मी आपल्याला पहिल्याच भेटीत सांगितली होती. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतील टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहून साठवलेले अठरा हजार रुपये, कॅननची १५००डी कॅमेरा बॉडी आणि तिच्यासोबत आलेली १८-५५ मिलिमीटर पल्ल्याची लेन्स (आकडा मोठा तितके लांबचे जवळ दिसते), एवढेच भांडवल होते. ‘कोणती लेन्स घेऊ?’ या माझ्या प्रश्नाला आपण उत्तर दिले नाहीत. उलट विचारलेत, की फोटो कशाचे काढणार आणि ते तुमच्यापासून किती लांब असते. मी नान्नजचे काळवीट, हिवाळ्यात तेथील माळावर घिरट्या घालणारे भोवत्या पक्षी आणि हिप्परगा तलावावरची पाखरे सांगितली. १९७९ साली जाहीर झालेले नान्नजचे आपले माळढोक अभयारण्य म्हणजे झाडी नव्हे; उघडा गवताळ माळ आहे, तेथे आडोसा नाही, काळविटाला आपण खूप दुरून दिसतो आणि वाट सोडून त्याच्या मागे जाणे कोणत्याही अर्थाने योग्य नाही. म्हणजे लांबचे ओढणारी लेन्स हवी हे उघड होते. तरीही १५०-६०० पल्ल्याच्या टॅमरॉन आणि सिग्मा लेन्सचा विषय आपण तेव्हाच मिटवलात: वजन दोन किलोच्या आसपास, किंमत माझ्या पैशांच्या बाहेर, आणि माझ्या पैशांत कोणी ती देऊ केलीच तर आधी त्याला का विकायची आहे ते विचारा, असे आपण म्हणालात. १५००डीचा चित्र टिपणारा सेन्सर लहान असल्यामुळे ३०० मिलिमीटरची लेन्स तिच्यावर १.६ पटीने, म्हणजे ४८० मिलिमीटरइतके जवळचे दृश्य देते. माझ्या कामाला तेवढे पुरेसे आहे, हा आपला निवाडा आज मला पूर्ण पटलेला आहे.

आपले एक वाक्य मी वहीत लिहून ठेवले आहे. ‘जुनी लेन्स स्वस्त असते त्याला काहीतरी कारण असतेच, ते कारण फोटोत उतरते की नाही, एवढेच आपण बघायचे.’ पुढचे सगळे याच वाक्याच्या आधारे घडले.

जाहिरातींत ७५-३०० आणि ७०-३०० हे आकडे शेजारी शेजारी दिसतात आणि पहिली बरीच स्वस्त असते. फरक पाच मिलिमीटरचा नाही, हे आपण समजावलेत. सर्वत्र विक्रीला दिसणाऱ्या ७५-३०० च्या तिसऱ्या आवृत्तीत आयएस, म्हणजे हाताचा कंप सावरणारी यंत्रणा, मुळीच नाही, कॅननच्या ७०-३०० मध्ये ती असते; शिवाय ३०० च्या टोकाला ७५-३०० चे चित्र मऊ, म्हणजे कमी रेखीव, पडते. हे कारण फोटोत सरळ उतरते. फिल्मच्या जमान्यातील सिग्माच्या काही लेन्सबद्दलही आपण सावध केलेत: त्या कॅननच्या डिजिटल बॉडीवर बसतात, पण आतील चिप जुनी असल्यामुळे अपर्चर, म्हणजे लेन्समधील उजेडाचे भोक, लहान करण्याची वेळ आली की बॉडी एरर दाखवते. याउलट २०१३ सालच्या ५५-२५० आयएस एसटीएम लेन्सची आपण मनापासून शिफारस केलीत. ती हलकी आहे, रेखीव चित्र देते आणि जुन्या बाजारात सहज मिळते. माझे तिच्यावरही भागले असते, आणि आज कोणी मला विचारले तर मी आधी तिचेच नाव घेईन. मला ७०-३०० मिळाली ती केवळ त्याच सुमारास दोन जण ती विकत होते म्हणून.

त्यातील पहिली लेन्स कोकणातून, किनारपट्टीवरच्या एका गावातून आली होती. खोके, बिल, हूड (लेन्सपुढे लावायची ऊन अडवणारी नळी), सगळे जागच्या जागी होते. अंगावर एक ओरखडा नव्हता. आपण स्टुडिओतील दिवे मालवलेत, लेन्सची दोन्ही झाकणे काढून तिच्या एका तोंडातून टॉर्चचा झोत तिरका सोडलात आणि दुसऱ्या तोंडातून मला पाहायला सांगितलेत. सरळ झोतात काही दिसत नाही, तिरक्या झोतात आतले सगळे उजळते, ही गोष्ट मला तोपर्यंत माहीत नव्हती. आत धुळीचे कण होते. ते जवळपास प्रत्येक जुन्या लेन्समध्ये असतात आणि फोटोत येत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी सौदा मोडू नये, असे आपण सांगितलेत. मग झोत किंचित फिरवलात तेव्हा काचेच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक फाटे पसरलेले दिसले. ते फंगस, म्हणजे बुरशी, होते. हवेतील दमटपणा बराच काळ साठ-सत्तर टक्क्यांच्या वर राहिला आणि लेन्स अंधाऱ्या बंद कपाटात पडून राहिली की ते वाढते, त्याच्या आम्लाने काचेवरचा लेप खाल्ला जातो, आणि एकदा लेप गेला की लेन्स उघडून साफ केली तरी डाग राहतो. उजेडाकडे तोंड करून काढलेल्या फोटोत त्याचा धुरकटपणा येतोच. विकणाऱ्याने काही लपवले होते असे मला वाटत नाही; त्या गृहस्थांनी आपल्याच लेन्समध्ये टॉर्च टाकून कधी पाहिलेच नसावे. आपण ती लेन्स पुन्हा नीट गुंडाळून, पावतीसह परत पाठवायला लावलीत आणि त्यांना द्यायची चिठ्ठीही सभ्य शब्दांत लिहून दिलीत. सोलापूरची कोरडी हवा आपल्याला एरवी काय सुख देते हे कोणी विचारू नये, पण लेन्सच्या प्रकृतीला ती मानवते, आणि जुनी लेन्स घेताना ती कोणत्या गावात राहिली हे विचारायचे, हे तेव्हापासून माझ्या ध्यानात बसले आहे.

दुसरी लेन्स बार्शीच्या एका लग्नाचे फोटो काढणाऱ्या गृहस्थांची होती. त्यांनी मिररलेस कॅमेरा घेतल्यामुळे जुने सामान काढले होते. दिसायला ती पहिलीच्या पासंगालाही पुरली नसती. झूम रिंगचे रबर पांढरे पडलेले, अक्षरे पुसट झालेली, आणि समोरची फिल्टरची कडा एका ठिकाणी चेपलेली. बिल नव्हते. मात्र टॉर्चच्या झोतात आतली काच स्वच्छ निघाली. माउंटच्या, म्हणजे लेन्स बॉडीला जोडणाऱ्या कड्याच्या, स्क्रूंवर स्क्रू ड्रायव्हर घसरल्याच्या खुणा नव्हत्या, म्हणजे लेन्स कोणी घरच्या घरी उघडलेली नव्हती. कडेला बसलेला धक्का आतपर्यंत पोहोचला आहे का, हा प्रश्न उरला, आणि तो सोडवण्यासाठी आपण जे केलेत ते मी कुठेही वाचलेले नव्हते.

रविवारी सकाळी लवकर आपण मला आपल्या गच्चीवर बोलावलेत आणि समोरच्या गच्चीवरच्या भिंतीला एक सोलापुरी चादर चारही कोपऱ्यांनी ताणून बांधलीत. जॅकार्ड मागावर विणलेली तिची नक्षी सगळीकडे एकसारखी असल्यामुळे कोणता कोपरा पुसट येतो ते ताबडतोब कळते, आणि धाग्याची वीण इतकी बारीक असते की लेन्सला लपवाछपवी करता येत नाही. कॅमेरा ट्रायपॉडवर, चादरीच्या बरोबर समोर. ट्रायपॉडवर असल्यामुळे आयएस बंद. ७०, १३५, २०० आणि ३०० वर, प्रत्येक ठिकाणी पूर्ण उघड्या अपर्चरला आणि एफ ८ ला (एफचा आकडा मोठा तितके भोक लहान) फोटो काढून आपण ते मोठे करून चारही कोपरे एकमेकांशी ताडून पाहिलेत. एक कोपरा बाकीच्यांहून मऊ असता तर आतील काच आपल्या जागेवरून सरकली आहे असा त्याचा अर्थ झाला असता. चारही कोपरे सारखे होते. ३०० ला एफ ५.६ वर सगळेच चित्र थोडे मऊ होते आणि एफ ८ ला ते सावरत होते; हा या लेन्सचा मूळ स्वभाव आहे, या नगाचा दोष नव्हे, असे आपण सांगितलेत.

मग आपण कॅमेरा उभा धरून पुन्हा तेच करायला लावलेत. २००५ साली बाजारात आलेल्या या लेन्सच्या सुरुवातीच्या काही नगांत, कॅमेरा उभा धरला की लांबच्या टोकाला चित्राची एक बाजू फोकसबाहेर जात असे आणि कंपनीने ते नग दुरुस्त करून दिले होते, हे आपल्या लक्षात होते. हा नग त्यातला निघाला नाही. त्यानंतर अपर्चरची पाती चिकटतात का हे पाहण्यासाठी एफ ५.६ पासून एफ १६ पर्यंत फोटो काढले आणि सगळ्यांत उजेड सारखाच आला. चिकटणारी पाती असती तर एफ १६ चा फोटो भगभगीत आला असता. शेवटी आयएस चालू करून, कॅमेरा हातात घेऊन, शटरचे बटण अर्धे दाबल्यावर व्ह्यूफाइंडरमधील थरथरते चित्र स्थिरावते तो क्षण आपण मला दाखवलात. हे सगळे ऊन तापायच्या आत संपवण्याचा आपला आग्रह का होता हे त्याच दुपारी कळले. आपण मुद्दाम मला बारा वाजता तीच चादर त्याच लेन्समधून पाहायला सांगितलीत, आणि तापलेल्या पत्र्यांवरून उठणाऱ्या हवेमुळे नक्षी पाण्यात बुडाल्यासारखी हलत होती. चैत्र-वैशाखात भर दुपारी लेन्स तपासून ती खराब आहे म्हणणारे लोक आपण पाहिले आहेत, असे आपण म्हणालात.

किमतीच्या बोलण्यात आपण मध्ये पडलात त्याबद्दल वेगळे लिहायला हवे. बार्शीच्या गृहस्थांनी सतरा हजार सांगितले होते. आपण फोनवर त्यांना चेपलेल्या कडेमुळे फिल्टर बसत नाही, बिल नाही, रबर गेले आहे हे सांगितलेत, आणि त्याच दमात हेही सांगितलेत की काच उत्तम आहे व फोकस ठीक चालतो. भाव पाडण्यासाठी मालाला नावे ठेवण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास चालते; आपण ती वापरली नाहीत. सौदा साडेचौदा हजारांवर ठरला. फिल्टर न लावता हूड लावून लेन्स वापरायची, म्हणजे चेपलेल्या कडेचे काहीच बिघडत नाही. किंमत उतरण्याचे कारण फोटोत उतरत नव्हते.

उरलेल्या पैशांना आपण लगेच काम लावलेत. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर, ज्याचा काटा पन्नासच्या आसपास ठेवायचा. शिवाय जाड कापडाची पिशवी शिवून तिच्यात ज्वारी भरून घेतली, गाडीच्या खिडकीवर ठेवून तिच्यावर लेन्स टेकवण्यासाठी. मंगळवेढ्याची ज्वारी या कामाला वापरल्याबद्दल माझ्या सासूबाईंनी मला चार शब्द सुनावले, आणि पावसाळ्यात तिला कीड लागेल हे त्यांचे म्हणणे खोटे नाही, म्हणून दिवाळीपर्यंत पिशवी रिकामी ठेवणार आहे.

नान्नजला आपली शिकवण उपयोगी पडली. आयएसमुळे माझा हात स्थिर होतो, काळवीट नव्हे, हे आपण बजावले होते. त्यामुळे उभ्या काळविटाला १/१२५ सेकंदाच्या शटरवेगावर टिपले तरी पळणाऱ्या कळपासाठी आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) वाढवून १/१००० च्या खाली जात नाही. फोटोत दाणे दिसतात, पण कळपातल्या काळविटांची पिळदार शिंगे स्पष्ट येतात. उन्हाळ्यात सकाळचे नऊ वाजून गेले की माळावरून हवा लहरू लागते आणि मी लेन्स डब्यात ठेवते. लेन्स आणि बॉडीच्या मध्ये बसून पल्ला वाढवणारा टेलिकन्व्हर्टर घेण्याचा विचार मनात आला होता, पण १.४ पटीच्या कन्व्हर्टरने एफ ५.६ चे एफ ८ होते आणि माझ्या बॉडीचा ऑटोफोकस तेथे भरवशाचा राहत नाही, हे आपले उत्तर आठवून तो सोडून दिला. हिवाळ्यात उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी आले की तिकडे जाण्याचा बेत आहे. तेथे नावेतून बरेच जवळ जाता येते, म्हणून ३०० पुरेल असे वाटते.

आणखी एक विनंती आहे. कारखान्यातील माझ्या एका सहकाऱ्याकडे निकॉनची डी३५०० बॉडी आहे आणि त्यालाही जुनी टेलिफोटो घ्यायची आहे. त्याच्या बॉडीत फोकसची मोटर नाही, तेव्हा जुन्या एएफ-डी लेन्सवर त्याला हाताने फोकस करावा लागेल, एवढे मी त्याला सांगितले. त्यापुढचे ज्ञान माझ्याजवळ नाही. येत्या रविवारी तो लेन्स घेऊन आपल्याकडे येईल. चादर तो घरून आणणार आहे. तपासणीची मजुरी आपण त्याच्याकडून कृपया घ्यावी, कारण ती घेतली नाही तर पुन्हा आपल्या दारात येण्याचा त्याला संकोच वाटेल, असे त्याने मला स्पष्ट सांगितले आहे. माझ्या मजुरीचाही हिशेब त्याच वेळी केलात तर मी ती त्याच्याबरोबर पाठवीन.

आपली कृपाभिलाषी,
बार्शीच्या लेन्सची नवी मालकीण