बाबा, आईने १३ घरं बदलली

प्रिय बाबा,
(आणि आई. तू मार्चमध्ये गेलीस, तेव्हापासून तुझं नाव गाळून लिहायचा प्रयत्न करतेय पण हात आपोआप लिहितो, राहू दे.)

जय ख्रिस्त.

फोनवर बोलले असते पण फोनवर तुम्ही दोन मिनिटांनी "बरं ठेवतो, दूधवाला आलाय" म्हणता, आणि नगरच्या भिंगारला दूधवाला दिवसातून पाच वेळा येत नाही हे मला माहितीय. म्हणून लिहितेय. अक्षर मोठं करून वाचा, चष्मा टीव्हीच्या मागे असेल.

तुम्ही बाथरूममध्ये पडलात हे मला शेजारच्या काकूंकडून कळलं, तेसुद्धा ११ दिवसांनी. रागवत नाहीये. म्हणजे रागावले होते, ऑफिसच्या जिन्यात उभं राहून रडून झालं, आता नाही. पण तुम्ही वर मला सांगताय की "कोपर थोडं खरचटलं". बाबा, काकूंनी फोटो पाठवलाय. सगळा दंड काळानिळा आहे.

तर आता मुद्द्याचं, आणि आधी पूर्ण वाचा मग फोन करा. मी घर बदललंय. तिसरा मजला सोडला, इथे पुण्यात वानवडीतच तळमजल्याचं भाड्याने घेतलंय, डिपॉझिट भरून झालं, सामानही हललं. एक खोली तुमची आहे. तुम्हाला विचारलं नाही कारण विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता आणि मला तुमचं नाही मोडता येत नाही, लहानपणापासून नाही आलं. तुमच्यावर उपकार म्हणून केलंय असंही समजू नका, मलाच त्या तीन मजल्यांचा कंटाळा आला होता, सनीची शाळा इथून जवळ पडते, भाडं फक्त दोन हजारांनी जास्त आहे, आणि खरं सांगायचं तर रात्री दोनला फोन वाजला की माझ्या पोटात गोळा येतो, तो मला नकोय. दादाला मस्कतहून लगेच येता येत नाही, त्याच्यावर रुसू नका, टॉयलेटमध्ये धरून उठायच्या दांड्यांचे पैसे त्यानेच पाठवलेत.

तुम्ही काय म्हणणार ते मला पाठ आहे. दफनभूमीत तुम्ही मला म्हणाला होतात, मी तिला आयुष्यभर बिऱ्हाडं दिली, घर एकच दिलं, हे भिंगारचं. मला ते वाक्य झोपू देत नाही. पण बाबा, मी परवा आईच्या वह्या काढून बसले होते (त्या काळ्या ट्रंकेतल्या, तुमचा नंबर आणि नाव पांढऱ्या रंगाने लिहिलंय ती), आणि मोजलं. अंबाला, जोधपूर, दोनदा जबलपूर, उधमपूर, मग ते पठाणकोटचं गळकं क्वार्टर, सगळी धरून लग्नापासून २००२ पर्यंत १३ घरं. तेरा वेळा तिने डबे वर्तमानपत्रात गुंडाळले, आमचे शाळेचे दाखले काढले, आणि शेवटी रिकाम्या खोलीत उभं राहून प्रार्थना केली. आठवतं ना? ट्रक हॉर्न मारतोय, तुम्ही घड्याळ बघताय, आणि ही बाई डोळे मिटून त्या चार भिंतींसाठी प्रभूचे आभार मानतेय, पठाणकोटच्या गळक्या छपरासाठीसुद्धा.

तिने तुमच्यासाठी १३ बदलली. तुम्ही माझ्यासाठी एक बदला.

हे जरा कडक झालं. खोडत नाही पण कडक झालं हे मान्य आहे. तुम्ही काही मजा मारायला पोस्टिंगवर जात नव्हता.

त्या वह्यांबद्दल सांगते, कारण तुम्ही त्या कधी उघडल्या नसणार. हिशोबाच्या वह्या आहेत. दूध, रॉकेल, कॅन्टीन, दादाची फी. आणि दर महिन्याला सगळ्यात वर, पगार आल्या आल्या, दशमांश, प्रभूसाठी काढलेला दहावा हिस्सा. तो ठेवायचा बोर्नव्हिटाचा डबा आठवतो ना, ज्याला हात लावला म्हणून दादाने मार खाल्ला होता? त्या डब्याचा हिशोब वेगळ्या पानावर आहे. १९९९ च्या जूनचं पान बघा: "प्रभूकडून उसने ४० रु., एसटीडी." खाली, "परत २०". त्याखाली, "परत २०, वर २". व्याज लावलंय बाईने स्वतःला!

तेव्हा आम्ही जबलपूरच्या सेपरेटेड फॅमिली क्वार्टरमध्ये होतो, नवरे सीमेवर असलेल्या बायकामुलांच्या, आणि तुम्ही वर द्रासकडे, कारगिलच्या लढाईत. सिग्नल्सवाला माणूस, अख्ख्या ब्रिगेडच्या लाइनी जोडून देणार, आणि आमच्या घरी तुमचा आवाज सात आठवडे नाही. ५६ एपीओचं, फौजेच्या टपालाचं, पत्र यायचं तेही तीन आठवडे शिळं, म्हणजे लिहिणारा "मी मजेत" म्हणतोय पण तेव्हा होता मजेत, आत्ताचं काय? तेच पत्र घेऊन आई रात्री ११ नंतर, रेट उतरला की एसटीडी बूथवर जायची, नगरला आजीच्या शेजाऱ्यांकडे फोन लावायची आणि सगळं पत्र वाचून दाखवायची, आजीला वाचता येत नव्हतं म्हणून. चाळीस रुपये त्याचे. मी नववीत होते, बूथच्या बाहेर मला उभी करायची. ती वाचताना मध्येमध्ये नसलेली वाक्यं घालायची, "आईंच्या गुडघ्याला तेल लावा म्हणाव", असली. तुम्ही ते कधीच लिहिलं नव्हतंत बाबा. आजी वारली तोपर्यंत तिला वाटत होतं तिचा मुलगा लढाईतून तिच्या गुडघ्यांची चौकशी करतो.

संध्याकाळी क्वार्टरच्या मागे सगळ्या बायका जमायच्या. पंजाबी आंटी पाठ म्हणायच्या, कुणी हनुमान चालीसा, आई स्तोत्र १२१, ते डोंगरांकडे डोळे लावायचं. ती मराठीत म्हणायची आणि कुणालाही कळायचं नाही, तरी सगळ्या शेवटी आमेन म्हणायच्या. मग एका दुपारी आपल्या मागच्या लाइनमध्ये जीप आली. जीप दुपारी का येते हे सगळ्या लाइनला कळतं, दारं आपोआप उघडली, आणि ती कुठल्या दारापाशी थांबते हे बघत सगळ्या उभ्या. आपल्या नाही थांबली. त्या रात्री आईने प्रार्थना घेतली नाही. मी विचारलं तर म्हणाली, "आज मी प्रभूशी बोलत नाहीये." दोन दिवस बोलली नाही. पण दोन्ही दिवस, जीप थांबली त्या घरी डबा गेला, पहाटे उठून भाकरी केल्या तिने, जबलपूरला बाजरी कुठून आणली कोण जाणे. मला लोक आता तिच्या विश्वासाबद्दल सांगतात ना, स्मरणाच्या प्रार्थनेत पाळकांनीही छान सांगितलं, पण माझ्या डोक्यात ते दोन दिवस येतात. रुसायला समोर कोणी तरी असावं लागतं, तसा प्रभू तिच्यासाठी होता.

आणि तिचा तो नगरी तोरा! वेल्फेअर सेंटरमध्ये जवानांच्या बायकांना सही करायला शिकवायची आणि कुणी म्हटलं की आता या वयात काय शिकायचं, की ही सुरू, आमच्या नगरला सावित्रीबाई फुले मिशनरी मिस फरार बाईंकडे ट्रेनिंगला आल्या होत्या, तुम्हाला सही यायला काय धाड भरलीये. हिंदीत म्हणायची, "क्या धाड भरी है". त्या बिचाऱ्या घाबरूनच शिकल्या असणार. प्रत्येक पोस्टिंगला सामानाआधी ज्ञानोदय या ख्रिस्ती नियतकालिकाला आपला बदललेला पत्ता कळवायची, ते नगरला १८४२ साली सुरू झालं हे पोस्टमनलासुद्धा पाठ होतं.

असो. मी भलतीकडे गेले. खोलीचं सांगायचं राहिलं.

खोली पूर्वेकडे आहे, सकाळी ऊन येतं. तुमची वेताची खुर्ची खिडकीत बसते, मी माप घेतलंय. बाथरूमला दांड्या बसवल्या, कमोड उंच आहे, खाली खरखरीत टाइल. पाच वाजताचा चहा तुमचा तुम्ही करा, गॅसपाशी कोणी येणार नाही, सनी सातपर्यंत उठत नाही. भाकरीला बाई मिळाल्यात, मूळ पारनेरच्या आहेत, मी खाऊन बघितली, आईसारखी नाही पण नगरसारखी आहे. कॅन्टीन आणि ईसीएचएस, माजी सैनिकांचा दवाखाना, दोन्ही रिक्षाच्या अंतरावर, पॉलिक्लिनिक बदलायचा अर्ज मी भरते, तुम्ही फक्त कार्ड आणा. नोव्हेंबरचा हयातीचा दाखला मोबाईलवर चेहरा दाखवून होतो, त्यासाठी नगरला थांबायचं कारण सांगू नका. रविवारी पंचहौदच्या चर्चला मराठी उपासना आहे, तिथला घंटेचा मनोरा वेगळा उभा आहे, सनी तुम्हाला दाखवायला उतावीळ झालाय.

भिंगारचं घर विकायचं नाही. दादाने विषय काढला होता, मी बंद केला. भाड्यानेही नाही. कुलूप लावायचं, किल्ली तुमच्याकडेच. महिन्याच्या शेवटच्या रविवारी आपण गाडीने नगरला जाऊ, आईला फुलं ठेवू, दुपारी घर उघडून पंखा लावून तासभर पडा, संध्याकाळी परत. नाताळचे चार दिवस तर तिकडेच, कंदील तिथेच लागेल, तरुण संघाची पोरं ढोलकी घेऊन येतात आणि घराला कुलूप दिसलं तर आई मला वरून काय बोलेल. आणि इथे नाहीच करमलं तर बोलू, मी काही कोर्ट मार्शल करत नाहीये. पण उन्हाळ्यापर्यंत राहून बघायचं, त्याआधी तक्रार ऐकणार नाही.

आता ऑर्डर्स. मी शनिवारी २५ तारखेला सकाळी येतेय. तोपर्यंत एकट्याने माळ्यावर चढायचं नाही. तारकपूरहून एसटी पकडून आधीच येऊन मला सरप्राइज द्यायचं नाही, ते जोधपूरचं अजून विसरले नाहीये. शुगरची सकाळची गोळी खाण्याआधी, बीपीची नंतर, उलट नाही. बाथरूमला जाताना आतून कडी लावू नका, घरात कोण आहे बघायला. आईचा गाऊन उशीखाली ठेवता ते मला माहितीय, तो धुऊ नका, तसाच आणा, मी काही विचारणार नाही.

ट्रंक ट्रकमध्ये जाईल. बोर्नव्हिटाचा डबा मात्र ट्रंकेत घालू नका, हातातल्या पिशवीत ठेवा. उघडून बघितला मी, मार्चपासून तुम्ही दर महिन्याला टाकताय. पेन्शनचा बरोबर दहावा हिस्सा, आणि मे महिन्यात वर दोन रुपये जास्त. ते कशाचे हे मला गाडीत सांगा.

तुमचीच,
चिमी

ता. क. कोपराला हळद लावून बसू नका. उद्या मिलिटरी हॉस्पिटलला जाऊन एक्स-रे काढा आणि फोटो मला पाठवा, काकूंना नाही.