सह्याद्रीचा कडा कुठून उतरणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नागपूर-गोवा या प्रस्तावित शक्तिपीठ महामार्गाची आखणी बदलून तो बेळगावला लागून असलेल्या चंदगड तालुक्यातून न्यावा, अशी मागणी पुढे आल्यापासून बेळगाव परिसरात तिचे स्वागतच होताना दिसते. महाराष्ट्रातून काही आपल्या दाराशी येते आहे म्हटले की सीमाभागातल्या मराठी माणसाला आधी आनंद होतो, आणि मीही त्याला अपवाद नाही. परंतु चाळीस वर्षे बेळगावहून चोर्ला घाटाकडे जाणाऱ्या जांबोटी-कणकुंबीच्या रस्त्याने ये-जा केल्यावर या बाबतीत तो आनंद मला टिकवता येत नाही.

माहूर, तुळजापूर आणि कोल्हापूर जोडत वर्ध्याजवळच्या पवनारहून गोव्याच्या हद्दीवरच्या पत्रादेवीपर्यंत जाणाऱ्या, मूळ आखणीत ८०२ किलोमीटरच्या या रस्त्याचा मूळ अंदाजच सुमारे ८६ हजार कोटी रुपयांचा होता, आणि केवळ भूसंपादन व आखणीसाठी २०,७८७ कोटींच्या तरतुदीला महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये मान्यता दिली. नागपूर-रत्नागिरी महामार्ग असताना हा दुसरा कशाला, हा कोल्हापूर-सांगलीच्या शेतकऱ्यांचा प्रश्न रास्तच आहे. बेळगावच्या हलगा-मच्छे बायपासपायी ज्यांनी पिकाऊ जमिनीसाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, त्या आपल्याकडच्या शेतकऱ्यांना तो समजावून सांगावा लागणार नाही. माझा मुद्दा त्यापुढचा आहे. आखणी आंबोलीकडून करा, चंदगडातून करा, नाहीतर आणखी कुठून; पठारावरून गोव्यात जायचे तर सह्याद्रीचा कडा उतरावाच लागतो, आणि नकाशावरची रेघ सरकवल्याने तो कडा सरकत नाही.

एकट्या आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जांभा आणि त्याखालची मऊ माती हे पाणी पोटात घेते, आणि उताराचा पाय शाबूत असेल, झाडांच्या मुळांनी माती धरून ठेवली असेल, तर ते झऱ्यांवाटे हळूहळू सुटते. रस्त्याच्या रुंदीसाठी तोच पाय उभा कापला की वरचा भिजलेला थर कशाच्या आधाराने थांबणार? शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात अंकोल्याजवळ शिरूर येथे १६ जुलै २०२४ रोजी रुंद केलेल्या राष्ट्रीय महामार्गावर डोंगर कोसळला, रस्त्याकडेचे चहाचे हॉटेल माणसांसह गेले, आणि गंगावळी नदीत ओढला गेलेला एक ट्रक चालकाच्या मृतदेहासह सापडायला सव्वादोन महिने लागले. दुसऱ्या वर्षी जुलैतच बेळगाव-गोवा रस्त्यावरच्या अनमोड घाटात रस्त्याची कडा खचली आणि अवजड वाहने थांबवावी लागली.

घाट कापण्याऐवजी बोगदे काढू, असे यावर सांगितले जाते. बोगद्यातून निघालेला दगडमातीचा ढीग कुठे टाकणार आणि डोंगराच्या पोटातले झरे तुटले तर खालच्या वाड्यांनी पाणी कुठून आणायचे, याचे उत्तर मात्र कोणी देत नाही. हा प्रश्न एकट्या चंदगडकरांचा नाही. चंदगडच्या डोंगरातून येणारी ताम्रपर्णी घटप्रभेला मिळते, घटप्रभेवर हिडकलचे धरण आहे, आणि बेळगाव शहर हिडकलचे पाणी पिते. आंबोलीत उगम पावणारी हिरण्यकेशी हुक्केरी तालुक्यात संकेश्वरवरून वाहते. वर जे उकरले जाईल, त्याचा गाळ राज्याची सीमा पाहून थांबणार नाही.

गोव्याशी दळणवळण नको, असे माझे म्हणणे नाही. माझा धाकटा भाऊ बेळगावच्या मार्केटातून गोव्याला भाजी नेतो. चोर्ला घाटात एखादी दरड आली की त्याची कोथिंबीर गाडीतच पिवळी पडते, आणि पावसाळ्याचे चार महिने त्याचा निम्मा नफा टायर आणि स्प्रिंगच्या पाट्यांवर जातो. आठ तासांत नागपूरहून गोवा गाठण्याची त्याला घाई नाही. चोर्ला आणि अनमोड हे दोन घाट वर्षभर धड राहावेत, गटारे साफ असावीत, सुटलेल्या दरडींना वेळीच जाळ्या आणि भिंती मिळाव्यात, एवढेच त्याला हवे आहे. या कामांना लागणारा पैसा त्या ८६ हजार कोटींपुढे किरकोळच ठरेल. (अर्थात ही कामे वेगवेगळ्या राज्यांच्या खात्यांत विभागलेली, त्यामुळे त्यांचे भूमिपूजन करायला कोणी येत नाही.)

म्हणून संबंधितांकडे माझी मागणी आहे की आखणी पक्की होण्यापूर्वी घाटाच्या टप्प्याचा भूगर्भीय अहवाल मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांत लोकांसमोर ठेवावा, आणि जनसुनावणी होईल तेव्हा घटप्रभेच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या बेळगाव जिल्ह्यातल्या लोकांनाही त्यात बोलू द्यावे.

आपला,
एक वाचक
जांबोटी, ता. खानापूर, जि. बेळगाव